मृत्यूचाही ताळेबंद

शल्यविशारदाची कीर्ती बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांवर उभी असते. दगावलेल्यांची संख्या स्वतःहून छापण्याचे धैर्य फार थोडे दाखवितात. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखेचे रूप देणारे अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग (1869-1939) हे अशा थोड्यांपैकी होत.

हार्वर्डमध्ये ते विद्यार्थी असताना, ते स्वतः ईथर देत असलेला एक रुग्ण दगावला. त्यानंतर सहाध्यायी कॉडमन यांच्यासह त्यांनी गुंगीतील रुग्णाच्या नाडीचे व श्वासाचे तक्ते ठेवण्यास आरंभ केला. आकडा टिपण्याची ती सवय पुढे कधीच सुटली नाही.

मेंदूतील गाठीला हात लावणे म्हणजे मृत्यूला आवतण, अशी समजूत असण्याच्या काळात, 1915 मध्ये, कुशिंग यांनी आपल्या हातून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा 8 च्या आसपास असल्याचे प्रसिद्ध केले. युरोपातील नामवंतांचे आकडे याच्या कितीतरी पट होते. 1931 च्या एप्रिलमध्ये त्यांनी दोन हजारावी गाठ काढली आणि पुढल्याच वर्षी या साऱ्या रुग्णांचा मृत्यूंच्या टक्केवारीसह ताळेबंद पुस्तकरूपाने मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली पडताळलेली गाठच त्यात मोजली होती. व्यापारी पेढ्यांनाही हेवा वाटावा असा हा चोख हिशेब!

नवलाची गोष्ट अशी की, या शाखेला तेव्हा अमेरिकेत स्वतःचे नियतकालिकच नव्हते. ‘मेनिंजिओमा’ हे नाव 1922 मध्ये लंडनच्या ‘ब्रेन’मधून रूढ झाले, विजेच्या साहाय्याने रक्तस्राव थांबविण्यावरील 1928 चा महत्त्वाचा लेख तर स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रालाही वाहिलेल्या नियतकालिकात आला. छापील अक्षर म्हणजे श्रेयाची सनद, हे कुशिंग पुरते जाणून होते. म्हणूनच 1922 मध्ये त्यांचेच जुने सहायक वॉल्टर डँडी यांच्या छोट्याशा टिपणात आपला उचित उल्लेख नाही, असे दिसताच ते संतापले. हिशेबात उदार असलेला हा माणूस श्रेयाच्या बाबतीत तेवढा उदार नव्हता.

त्या दोन हजार रुग्णांची नोंदवही सांभाळली ती लुईझ आयझेनहार्ट यांनी. लेखनसाहाय्यक म्हणून 1915 मध्ये त्या कुशिंग यांच्याकडे आल्या आणि पुढे स्वतः वैद्यक शिकून गाठींच्या तज्ज्ञ झाल्या. कुशिंग यांच्या नावाच्या संस्थेने त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, 1944 मध्ये, ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’ सुरू केले, तेव्हा संपादनाची सूत्रे त्यांच्याच हाती गेली. 1965 पर्यंत ती त्यांच्याकडे होती.