हृदयविकाराच्या रक्तचाचणीचा पाया घालणारे सुब्बाराव

नवी दिल्ली : हृदयविकार आणि चयापचयाच्या व्याधी वेळीच ओळखण्यासाठी रक्तातील नवनव्या बायोमार्करचा, अर्थात जैवनिर्देशकांचा, शोध जगभर सुरू आहे. या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांमध्ये डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञाचे स्थान महत्त्वाचे आहे.

तत्कालीन मद्रास प्रांतातील भीमावरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. तरुणपणीच त्यांनी भावांचे मृत्यू पाहिले. त्यांपैकी एकाला स्प्रू या पचनसंस्थेच्या विकाराने ग्रासले होते. पुढे ते मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. स्वातंत्र्य चळवळीच्या प्रभावामुळे त्यांनी खादीची शस्त्रक्रिया-वस्त्रे वापरली. त्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची नाराजी ओढवली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या दुय्यम पात्रतेवर त्यांना समाधान मानावे लागले.

१९२२ मध्ये ते बोस्टनला पोहोचले. रुग्णालयात हलकीसलकी कामे करून त्यांनी हार्वर्डमध्ये शिक्षण घेतले. सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी रक्त व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत विकसित केली आणि ती १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. रासायनिक प्रक्रियेतून येणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण ठरवणारी ही पद्धत जगभरातील प्रयोगशाळांनी स्वीकारली.

याच पद्धतीच्या आधारे दोघांनी १९२७ मध्ये स्नायूंमधील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी शोधल्याचे जाहीर केले. एटीपीचा शोध त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही स्वतंत्रपणे लावला होता. फॉस्फोक्रिएटिनपासून एटीपी तयार करणारे विकर म्हणजे क्रिएटिन कायनेज. हृदयाच्या पेशी नष्ट झाल्या की ते रक्तात उतरते. त्यामुळे १९६० च्या दशकापासून अनेक वर्षे हृदयविकाराच्या झटक्याचे निदान या विकराच्या मोजणीवरून होत असे. आता ते स्थान प्रामुख्याने ट्रोपोनिनने घेतले आहे.

हार्वर्डमध्ये कायमस्वरूपी पद न मिळाल्याने सुब्बाराव १९४० मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत रुजू झाले. त्यांच्या नेतृत्वाखालील चमूने फॉलिक आम्लाचे संश्लेषण केले. भावाला झालेल्या स्प्रू विकारावर ते उपयुक्त ठरले. हत्तीरोगावरील हेट्राझान आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही त्यांच्याच कार्यकाळात पुढे आले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे झोपेतच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. हृदयाची इजा रक्तातून ओळखणारी चाचणी तेव्हा उपलब्ध नव्हती. अमेरिकेत अडीच दशके काम करूनही त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नव्हते. हयातीत प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या या शास्त्रज्ञाच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने १९९५ मध्ये टपाल तिकीट काढले.