क्रिकहॉवेलचे एव्हरेस्ट साहेब आणि आपल्या गावचा नकाशा



कार्डिफहून ॲबरगॅव्हेनीमार्गे डोंगरांकडे निघाले की क्रिकहॉवेल हे टुमदार गाव लागते. गावाबाहेर ए-४० रस्त्याला लागून ग्वेर्नव्हेल नावाचा जुना वाडा आहे. पुढे त्याचे हॉटेल झाले. आपल्यापैकी बरेच जण सहलीला जाताना त्यावरून गेले असतील. हा वाडा एव्हरेस्ट कुटुंबाचा. होय, शिखराला ज्यांचे नाव आहे तेच हे एव्हरेस्ट.

यंदा त्यांची आठवण निघाली ती शिखरामुळे नव्हे. आमच्यातल्या एका कुटुंबाने सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावाची जुनी टोपोशीट स्कॅन केली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती संगणकावर उपग्रहाच्या चित्रावर ठेवली. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश बरोबर भरले, तरी मारुतीचे देऊळ ओढ्यापलीकडे गेले! सगळा नकाशाच शंभर मीटरहून जास्त सरकला होता. त्या घरातल्या काकांनी तर रात्रीच गावी भावाला फोन लावला, की विहीर आपल्या हद्दीत आहे ना? (हद्दीचा निवाडा टोपोशीटवर होत नाही, त्याला भूमी अभिलेखची मोजणी लागते. पण वडिलोपार्जित विहीर म्हटली की जीव थाऱ्यावर राहात नाही.) चूक ना स्कॅनची होती, ना उपग्रहाची. तिचे मूळ एव्हरेस्ट साहेबांपर्यंत जाते.

जॉर्ज एव्हरेस्ट यांचा जन्म १७९० चा. जन्म ग्वेर्नव्हेलला की ग्रिनिचला, यावर वाद आहे. बाप्तिस्मा मात्र ग्रिनिचला झाला. आपण वेल्सचे रहिवासी, तेव्हा आम्ही त्यांना वेल्सचेच धरतो. घराण्याचा उच्चार ‘ईव्हरेस्ट’ असा होता. आज सगळे जग तो चुकीचाच करते, आपणही.

वुलिचच्या लष्करी अकादमीत शिकून १८०६ साली ते कंपनीच्या बंगाल तोफखान्यात गेले. जावा बेटाच्या पाहणीत त्यांनी नाव मिळवले आणि १८१८ मध्ये ते हैदराबादला कर्नल विल्यम लॅम्बटन यांचे मुख्य सहायक म्हणून रुजू झाले. लॅम्बटन दक्षिणेकडून त्रिकोणांची साखळी मोजत उत्तरेला निघाले होते. एक पायारेषा जमिनीवर अगदी काटेकोर मोजायची, मग टेकड्यांवरून थिओडोलाइटने कोन घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचे, अशी ही पद्धत. पाऊस झाला की हवा स्वच्छ होते, म्हणून काम त्या दिवसांत चाले आणि तापही त्याच दिवसांत गाठी. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात पहिल्याच मोसमात सगळा तांडा आजारी पडला, काही माणसे दगावली, आणि एव्हरेस्टना १८२० मध्ये हवापालटासाठी केपला जावे लागले. पुढे ते दिवे लावून रात्री कोन घेऊ लागले.

२० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वारले ते आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या मंडळींपैकी किती जणांनी ती पाहिली असेल कोण जाणे. काम एव्हरेस्टकडे आले. त्यांचे अंग अर्धे लुळे पडले होते, माणसे त्यांना उचलून यंत्रापाशी बसवीत. तशाही अवस्थेत मध्य भारतातल्या सिरोंजपर्यंत मजल मारून १८२५ मध्ये ते इंग्लंडला परतले.

आपल्या मारुतीच्या देवळाचा प्रश्न इथून सुरू होतो. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. ती नेमकी केवढी आणि किती चपटी, हे ठरवल्याशिवाय कोनांवरून अक्षांश-रेखांश काढता येत नाहीत. १८३० मध्ये एव्हरेस्टनी त्याचे आकडे दिले. त्यांच्या पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या आजच्या जीपीएसच्या पृथ्वीपेक्षा सुमारे ८६० मीटरने कमी आहे. शिवाय तो गोल सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आधार मानून भारताला नीट बसवलेला, त्यामुळे त्याचे केंद्र खऱ्या केंद्रापासून आठशे मीटरच्या आसपास दूर पडते. त्या काळच्या साधनांत हे काम अचाटच म्हणायचे. आपल्या टोपोशीट पिढ्यान्‌पिढ्या याच आकड्यांवर निघाल्या.

१८३० मध्येच ते सर्व्हेयर जनरल होऊन परतले. माणूस तापट, पण चूक स्वतःचीही खपवून न घेणारा. जुने मोजमाप त्यांनी नव्या यंत्रांनी पुन्हा केले, गंगेच्या सपाटीवर मनोरे बांधले. यंत्रे सांभाळायला अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन होते, आकडेमोडीला बंगालचे राधानाथ सिकदर. सिकदरांच्या पदाला ‘कॉम्प्युटर’ म्हणत! कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २४०० किलोमीटरचा हा कंस १८४१ मध्ये पुरा झाला. १८४३ मध्ये ते निवृत्त झाले. १८५६ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी अँड्र्यू वॉ यांनी शिखराला त्यांचे नाव सुचवले, तेव्हा हिंदुस्थानच्या लोकांना हे नाव नीट लिहिता-बोलता येणार नाही, असा आक्षेप खुद्द एव्हरेस्टनीच घेतला. १८६५ मध्ये नाव पक्के झाले. १ डिसेंबर १८६६ रोजी ते लंडनला वारले आणि होव्हला त्यांचे दफन झाले.

आता आमचा नकाशा. स्कॅन म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ती नुसती सरकवून भागत नाही, कारण फरक सगळीकडे सारखा नसतो. पुण्या-मुंबईकडे शंभरेक मीटर, तर नागपूरकडे दीडशेच्या वर. म्हणून संगणक उलटे काम करतो. नव्या चित्रातला प्रत्येक ठिपका घेऊन तो जुन्या नकाशात कुठे पडतो ते गणिताने काढतो आणि तिथला रंग उचलतो. पहिल्यांदा आम्ही आजूबाजूच्या चार ठिपक्यांची सरासरी घ्यायला सांगितली, तर पाऊलवाटांच्या बारीक रेघा आणि वाड्यांची नावे पुसट झाली. दुसऱ्यांदा फक्त सर्वांत जवळचा ठिपका घ्यायला सांगितले. रेघा जरा दातेरी आल्या, पण अक्षरे लागली. देऊळ ओढ्याच्या अलीकडे आले, आणि विहीर काकांच्याच आंब्याखाली.