मौलाना हसरत मोहानी : शेरवानी जुनी, धागा आपला

शाळेत १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाची तयारी चालू होती. कोणी गांधीजी, कोणी भगतसिंग, कोणी टिळक. आठवीतल्या एका मुलाने हळूच विचारलं, की टोपी आणि शेरवानी घालून स्वातंत्र्यसैनिक होता येतं का? प्रश्न साधा, पण मनाला लागला. भिवंडीसारख्या कापडाच्या गावात आपल्या मुलांना हा प्रश्न पडावा, यात चूक आपलीच. मौलाना हसरत मोहानी आपण त्यांना सांगितलेच नाहीत.

मौलानांचं खरं नाव सय्यद फज़लुल हसन. उन्नाव जिल्ह्यातलं मोहान हे त्यांचं गाव, म्हणून मोहानी. अलीगढच्या कॉलेजात शिकायला आले ते जुन्या वळणाच्या कपड्यांत, सोबत पानदान घेऊन. तिथल्या फॅशनेबल मुलांनी त्यांचं नाव खालाअम्मा ठेवलं. मौलाना चिडले नाहीत आणि बदललेही नाहीत. १९०३ मध्ये बी.ए. झाले. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी उर्दू-ए-मुअल्ला हे मासिक काढलं.

१९०४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी ते मुंबईला आले. राजकारणात त्यांनी लोकमान्य टिळकांना गुरू मानलं. १९०८ मध्ये, इजिप्तमधल्या इंग्रजी धोरणावर टीका करणारा लेख छापला म्हणून त्यांना सक्तमजुरी झाली. जेलमध्ये चक्की पिसावी लागली आणि दंडापायी घरची किताबं कवडीमोल भावात गेली.

सुटून आल्यावर पोटासाठी आणि तत्त्वासाठी त्यांनी अलीगढमध्ये स्वदेशी कापडाचं दुकान टाकलं. शायर माणूस गज घेऊन कापड मोजायला बसला! पुढे कानपूरलाही त्यांनी असंच दुकान चालवलं. बेगम निशातुन्निसा या सगळ्यात बरोबरीने उभ्या राहिल्या.

एक किस्सा नेहमी सांगितला जातो. कडाक्याच्या थंडीत ते एकाकडे मुक्कामाला होते. यजमानांनी पायाशी घोंगडी ठेवली, ती विलायती निघाली. मौलानांनी रात्र कुडकुडत काढली, पण ती अंगावर घेतली नाही.

१९१९ मध्ये दिल्लीच्या खिलाफत परिषदेत इंग्रजी मालावर बहिष्कार टाकावा, असा आग्रह त्यांनी धरला. तेव्हा गांधीजींना तो मार्ग पटला नव्हता. ३१ जुलै १९२१ रोजी मात्र परळला गिरणीमालक उमर सोबानी यांच्या जागेत गांधीजींच्या हातून विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात अहमदाबादला मौलानांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. त्यांना मात्र पुन्हा शिक्षा झाली आणि त्यांनी आपल्या पुण्याच्या येरवडा जेलमध्ये दिवस काढले. इन्कलाब झिंदाबाद ही घोषणा त्यांचीच देणगी.

फाळणीनंतर ते भारतातच राहिले. संविधान सभेत बसले तेही त्याच साध्या, जुनाट शेरवानीत. १३ मे १९५१ रोजी लखनौला त्यांचा इंतकाल झाला.

मौलानांचा पोशाख बघणाऱ्याला ते मुसलमान असल्याचं लगेच कळत होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. देशासाठी त्यांना शेरवानी उतरवावी लागली नाही. त्यांनी फक्त ती कुठल्या धाग्याची आहे, ते बघितलं. कपड्याचा कट ही त्यांची स्वतःची ओळख होती, आणि ते कोणी विणलं, पैसा कोणाच्या घरी गेला, हा देशाचा हिशेब होता. दोन्ही एकाच अंगावर आरामात नांदले.

आज कपड्यांवरून माणसाची वफादारी मोजली जाते, तेव्हा दुःख होतं. पण आपणही लग्नाच्या खरेदीत ब्रँडचं नाव आधी विचारतो, आणि शेजारच्या गल्लीत रात्रपाळी करणारा विणकर कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्या मुलाला सांगितलं, बेटा, शेरवानी जरूर घाल. त्याच्या अब्बांचे चार लूम आहेत. त्या दिवशी तो स्टेजवर मौलाना हसरत मोहानी म्हणून उभा राहील, इन्शाअल्लाह.