कोशकार नोहा वेब्स्टर

'अणदूर' हें आपल्या गांवाचें नांव लिहितांना अक्षरें चार पडतात. पण तोंडांतून तुकडे दोनच निघतात, 'अण्' आणि 'दूर'. हें आपणांस कोणी शिकविलें नाहीं. इंग्रजींतील लांबलचक शब्द समोर आला म्हणजे मात्र तो कोठें मोडावा हें कळेनासें होतें. ज्या गृहस्थानें या एका प्रश्नावर उभा जन्म वेंचला, त्याची ओळख आम्ही बालवाचकांस करून देत आहों.

नोहा वेब्स्टर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजीं अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. मुलास येल कॉलेजांत धाडण्यासाठीं बापानें शेत गहाण टाकलें. १७७८ त पदवी मिळाली, परंतु कायद्याच्या अभ्यासास पैसा उरला नाहीं. तेव्हां वेब्स्टरांनीं पंतोजीपण पत्करलें.

तेथील शाळांतून डिल्वर्थ नामक इंग्रज शिक्षकाचें पुस्तक चाले. त्यांत 'क्लस्टर' शब्दाची फोड 'क्लु' आणि 'स्टर' अशी असे. 'नेशन'चे तर तीन तुकडे! मुलें वाचीत एक आणि बोलत दुसरेंच. वेब्स्टरांनीं कान प्रमाण मानला. १७८३ सालीं निघालेल्या त्यांच्या पुस्तकांत क्लस्-टर, ने-शन अशी सरळ फोड आली. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकाच्या पुढें कोट्यवधि प्रती खपल्या.

परंतु कानाचा निवाडा सर्वत्र पुरत नाहीं. 'ट्रान्सपोर्टेशन' हा शब्द उच्चारानें ट्रान्स्-पोर्-टे-शन असा मोडतो, आणि 'वाहून नेणें' या अर्थाचा 'पोर्ट' हा धातु मधोमध तुटतो. म्हणून आमच्या मतें वाचतांना एक फोड करावी व अर्थ लावतांना दुसरी.

ही दुसरी फोड वेब्स्टरांस साधली नाहीं. १८२८ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्यांनीं सुमारें सत्तर हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. शब्दार्थ उत्तम, व्युत्पत्ति मात्र पुष्कळ चुकलेल्या. सर्व भाषा एका प्राचीन खाल्डी भाषेपासून निघाल्या, अशी त्यांची समजूत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें नातें विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालींच कलकत्त्यास सांगितलें होतें, आणि जर्मन पंडितांनीं त्यावर शास्त्र उभारलें होतें. तिकडे या हट्टी विद्वानानें फारसें लक्ष दिलें नाहीं. दुसऱ्या आवृत्तीसाठीं त्यांनीं राहतें घर गहाण टाकलें. २८ मे १८४३ रोजीं न्यू हेवन येथें ते वारले.

१८६४ च्या आवृत्तींत मान नांवाच्या जर्मन पंडितानें त्यांच्या व्युत्पत्ति बदलून टाकल्या. 'ने-शन' ही फोड अद्याप तशीच छापली जाते.