पित्याच्या हातचें फूल

परमेश्वर हा आपला पिता आहे, हें धर्मशिक्षणाच्या पहिल्याच पाठांत आपण शिकतों. पण तो पाठ दुःखाच्या कसोटीस कसा उतरतो, हें पाहावयाचें असल्यास बाळ येशूच्या संत तेरेजेचें चरित्र वाचावें, असें आम्हांस वाटतें. म्हणून या महोत्सवप्रसंगीं तें थोडक्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्रान्स देशांतील आलांसों नगरीं २ जानेवारी १८७३ रोजीं तेरेजेचा जन्म झाला. पिता लुई मार्टिन हे घड्याळजी होते. माता झेली लेस विणण्याचा व्यवसाय करी. नऊ अपत्यांपैकीं चार बालपणींच निवर्तलीं. उरलेल्या पांच कन्यांत तेरेजा सर्वांत धाकटी. १८७७ सालीं माता कर्करोगानें वारली आणि कुटुंब लिझ्यू येथें राहावयास गेलें. पित्याचें बोट धरून ती चिमुरडी रोज फिरावयास जाई व वाटेंतील एखाद्या मंदिरांत पवित्र साक्रामेंताचें दर्शन घेई.

१८८७ सालीं, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणीं, चौदा वर्षांच्या तेरेजेनें कार्मेल मठांत जाण्याची अनुज्ञा मागितली. दोन वडील कन्या पित्यानें त्या मठास आधींच दिल्या होत्या. तरी अश्रू ढाळीत त्यांनीं संमति दिली, आणि भिंतीवरील एक लहानसें शुभ्र फूल मुळासकट काढून तिच्या हातीं ठेविलें. ९ एप्रिल १८८८ रोजीं ती मठांत गेली.

पुढच्याच वर्षीं पित्याच्या बुद्धीस भ्रंश झाला व त्यांस तीन वर्षें मनोरुग्णांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. मुलींच्या वियोगानेंच असें झालें, अशी कुजबुज गांवांत होऊं लागली. ज्या मुखावरून तेरेजेनें परमपित्याचें मुख ओळखिलें होतें, तेंच आतां झांकोळलें, आणि मठांतून तिला त्यांची सेवाही करतां येईना. तरी परमपित्यानें आपणांस टाकिलें, असें तिनें मानिलें नाहीं. १८९४ सालीं पित्याचें देहावसान झालें.

त्या काळीं कांहीं भाविक जन ईश्वराच्या न्यायापुढें स्वतःस बलि म्हणून अर्पीत. तेरेजेनें ९ जून १८९५ रोजीं स्वतःस अर्पण केलें तें त्याच्या दयाळू प्रेमास. लेंकरूं पित्यापाशीं पुण्याईचा हिशेब घेऊन जात नाहीं. रिकाम्या हातांनींच जातें. हाच तिचा लहानसा मार्ग. ख्रिस्तसभेच्या देहांत हृदयाचें स्थान प्रेमाचें आहे, हें संत पौलाच्या पत्रांतून तिला उमगलें, आणि तेथेंच राहण्याचें तिनें ठरविलें. एका वृद्ध, किरकिऱ्या भगिनीस रोज सायंकाळीं हात देऊन भोजनगृहांत नेणें, असल्या कामांत तिचें प्रेम दिसे. १८९६ पासून क्षयानें शरीर पोखरलें, श्रद्धेवरही अंधार दाटला. प्रेम मात्र ढळलें नाहीं. ३० सप्टेंबर १८९७ रोजीं, चोविसाव्या वर्षीं, ती प्रभुचरणीं विलीन झाली.

१९२५ सालीं अकरावे पायस पोपमहाराजांनीं तिला संतपद दिलें. मठांत शिरल्यावर तिनें उंबरठा ओलांडला नव्हता. तरी १९२७ सालीं गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरबरोबर तिला मिशनकार्याची आश्रयदाती नेमिलें. तिचे मातापितरही २०१५ सालीं संत झाले.

आमच्या धर्मग्रामांतील पित्यांस आमची एवढीच विनंति आहे: तुमचीं मुलें परमपित्याचें पहिलें दर्शन तुमच्याच मुखावर घेत असतात. तें त्यांस प्रेमळ दिसो, हाच या महोत्सवाचा आशीर्वाद.