भास्कराचार्य
भास्कराचार्य (जन्म: शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील थोर गणिती व ज्योतिर्विद होते. सातव्या शतकातील त्याच नावाच्या ज्योतिर्विदाहून वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांना द्वितीय भास्कराचार्य असेही म्हणतात. 'लीलावती' या गणितग्रंथामुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. कालमापनाच्या यंत्रांविषयीचे त्यांचे लेखन मात्र त्या मानाने कमी वाचले जाते.

कुल आणि स्थान

भास्कराचार्य शांडिल्य गोत्री होते. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडवीड हे आपले गाव असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. हे गाव कोणते, याविषयी मतभेद असून बीड व विजापूर यांचीही नावे घेतली जातात. चाळीसगावजवळील पाटण या स्थानाच्या बाजूने मात्र शिलालेखाचा भक्कम पुरावा आहे. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते, हे विधान अनेक पुस्तकांत आढळते. त्यांच्या ग्रंथांत किंवा या शिलालेखात त्याला आधार नाही.

ग्रंथरचना

वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ (इ.स. ११५०) मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. 'करणकुतूहल' हा पंचांगगणितास उपयुक्त ग्रंथ त्यांनी उतारवयात, इ.स. ११८३ मध्ये लिहिला.

यंत्राध्याय

गोलाध्यायातील यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य व फलक या यंत्रांची माहिती दिली आहे. यांतील बहुतेकांचे काम सूर्याची छाया किंवा उन्नतांश पाहून वेळ काढणे हे होय. फलकयंत्र ही त्यांची स्वतःची रचना. या यादीत दहावे यंत्र म्हणून त्यांनी धी, म्हणजे बुद्धी, घातली आणि तिला सर्वांत श्रेष्ठ मानले.

ढगाळ दिवशी व रात्री छायायंत्रे निरुपयोगी ठरतात. तेव्हा घटीयंत्र कामी येई. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी शिरून ती बुडाली की एक घटी, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अहोरात्राच्या अशा ६० घटी होतात. पूर्वीच्या ग्रंथकारांनी या वाटीसाठी दहा पल वजनाचे तांबे आणि ठरावीक मापाच्या सोन्याच्या सुईएवढे छिद्र असे नियम घालून दिले होते. भास्कराचार्यांनी हे माप युक्तिहीन व करण्यास अवघड ठरवून बाजूला सारले. वाटी कशीही असो, अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने ६० ला भागावे, म्हणजे त्या वाटीचे माप मिळते. वाटी ६४ वेळा बुडाली, तर तिची एक बुडी एका घटीहून किंचित कमी भरते, एवढाच याचा अर्थ. परंपरेने आलेल्या मापापेक्षा प्रत्यक्ष पडताळणीला महत्त्व देणारी ही दृष्टी त्या काळी सामान्य नव्हती.

आपोआप फिरणाऱ्या चाकाचेही वर्णन याच अध्यायात येते. त्याचे पोकळ आरे एकाच बाजूला कललेले व पाऱ्याने अर्धे भरलेले असत. असे चाक प्रत्यक्षात अखंड फिरू शकत नाही; परंतु ही कल्पना अरबांमार्फत युरोपात पोहोचली असावी, असे काही इतिहासकार मानतात.

लीलावतीची दंतकथा

भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध कथाही घटिकापात्राचीच आहे. त्यांची कन्या लीलावती हिच्या विवाहयोगासाठी एकच मुहूर्त होता. तो साधण्यासाठी घटिकापात्र मांडले गेले. कुतूहलाने त्यात डोकावताना तिच्या अलंकारातील मोती निसटून छिद्रावर बसला, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. मुलीचे नाव चिरंतन राहावे म्हणून पित्याने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, असे सांगतात.

ही कथा अकबराच्या दरबारातील फैजी याने इ.स. १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादासोबत आढळते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. ग्रंथात प्रश्न विचारताना बालेबरोबर मित्राला, गणकाला, व्यापाऱ्यालाही संबोधले आहे. त्यावरून लीलावती ही मुलगीच होती असे ठरत नाही. घटिकापात्राची पडताळणी शिकवणाऱ्या आचार्यांना लोककथेने त्याच पात्राकडून हरवले, हे मात्र लक्षणीय आहे. लग्नघटिका घंगाळातील वाटीवर मोजणाऱ्या समाजाला ती कथा आपली वाटली असल्यास नवल नाही.

वंशज व पाटणचा मठ

पुत्र लक्ष्मीधर यांची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाल याने त्यांना पाटणहून नेऊन आपल्या पंडितांत अग्रस्थान दिले. यादवांची राजधानी देवगिरी (आजचे दौलताबाद) छत्रपती संभाजीनगरपासून जवळच आहे. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापला. त्यास यादवांचे मांडलिक, निकुंभ वंशातील सोइदेव यांनी दान दिले. ही हकिकत शके ११२८ च्या शिलालेखात असून तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

पाटणादेवीचा हा परिसर आज गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृत पद्यात आहे, पण अखेरच्या ओळी तत्कालीन मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील करातून आणि तेलाच्या घाण्यांमधून मठाला काय मिळावे, याची नोंद त्यांत केलेली आहे.