विठाबाई नारायणगावकर: राष्ट्रपतींकडून दोनदा सन्मान, तरी दवाखान्याचं बिल वर्गणीतून का भरावं लागलं?

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव आलं की बहुतेकांना टोमॅटोचा बाजार आठवतो. पण गुढीपाडव्याच्या आसपास याच गावात दुसराही एक बाजार भरतो. तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरपासून लांबलांबच्या गावांचे कारभारी येतात आणि आपल्या जत्रेसाठी फड ठरवून सुपारी देऊन जातात. म्हणूनच नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात.

या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेणाऱ्या कलावती म्हणजे तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांच्या आयुष्यावरच्या हिंदी चित्रपटाच्या बातम्यांमुळे त्या पुन्हा चर्चेत आल्या आहेत. त्यांची लावणी आणि त्यांचं धाडस याबद्दल बरंच सांगितलं जातं. पण एवढं नाव कमावलेल्या कलावतीच्या हातात शेवटी पैसा का राहिला नाही? हे समजून घ्यायचं तर त्यांच्या आयुष्यासोबत फडाचा हिशोबही पाहावा लागतो.

थोडक्यात विठाबाई
- जन्म: जुलै १९३५, पंढरपूर
- घराणं: भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड
- राष्ट्रपतींकडून सन्मान: १९५७ आणि १९९०
- निधन: १५ जानेवारी २००२
- त्यांच्या नावाने राज्य सरकारचा पुरस्कार: २००६ पासून

शाळा सुटली, फड सुटला नाही

विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो वाढवला आणि भाऊ-बापूंची जोडी गावोगावी गाजली. मांग समाजातल्या या कुटुंबाने फडाच्या नावातून जात लपवली नाही, ती फलकावर तशीच राहिली. मुलीचा जन्म पंढरपुरात झाला आणि विठोबाच्या गावावरून तिचं नाव विठा ठेवलं गेलं.

शाळेत ही मुलगी फारशी रमली नाही. पण गण, गौळण, लावणी, भेदिक हे सगळं तिच्या कानावर घरातच पडत होतं. कुठल्याही उस्तादाकडे रीतसर शिक्षण न घेता ती लहान वयातच बोर्डावर उभी राहिली. तमाशात रंगमंचाला बोर्ड म्हणतात.

तो काळ तमाशासाठी सोपा नव्हता. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. ती उठली, पण अटींसह. वगाचं लेखन तपासून घेणं आलं, परवाने आले. अशा दिवसांत विठाबाई तरुण झाल्या आणि फडाचं मुख्य आकर्षण बनल्या. १९५७ मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव झाला तेव्हा त्यांनी जेमतेम बावीशी गाठली होती.

गाणं एवढंच काम होतं का?

अजिबात नाही. तमाशाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. संगीत बारीत बसून किंवा उभ्याने लावणी, अदाकारी आणि वाद्यांची साथ असते. कलाकार मोजके, खर्च आटोक्यात. ढोलकी फडाचा तमाशा मात्र मोठा असतो. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग.

विठाबाई ढोलकी फडाच्या कलावती. म्हणजे एकाच रात्री गाणं, नाच, सवाल-जवाब आणि वगातली भूमिका हे सगळं करायचं. गौळणीत मावशीला टोलवायचं आणि दोन तासांनी वगात प्रेक्षकाला रडवायचं. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाने फड काढला, तेव्हा मालकीण म्हणूनही जबाबदारी आली. कलाकारांची जमवाजमव, गाड्या, मुक्काम, जेवण, सुपाऱ्या, उधारी, भांडणं. आणि या सगळ्यासोबत घर आणि मुलं. मुलं फडातच जन्मली, फडातच वाढली.

आपल्या भागात जत्रेचा तमाशा एका रात्रीत संपतही नाही. रात्रभर खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गावासमोर हजेरी द्यायची असते. दुपारी कुस्त्यांचा आखाडा सुरू झाला की फड सामान आवरून पुढच्या गावाला निघतो. झोप मिळाली तर गाडीत.

तो प्रसंग, आणि त्यामागचा हिशोब

विठाबाईंबद्दल सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग बाळंतपणाचा. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ सुरू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि उरलेला खेळ पुरा करायला पुन्हा बाहेर आल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आलं की मघाशी दिसणारं पोट आता नाही. विचारपूस झाली, प्रकार कळला, तेव्हा लोकांनीच खेळ थांबवायला लावला आणि त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं.

ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते आणि ती धाडसाची आहेच. पण पैशाच्या बाजूने पाहिलं तर ती वेगळंही काही सांगते. लोक तिकीट काढायचे किंवा गाव सुपारी द्यायचं ते विठाबाईंचं नाव ऐकून. त्या बोर्डावर नसतील तर खेळ नाही आणि खेळ नाही तर त्या रात्रीचं उत्पन्न नाही. मागे मात्र ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, आचारी, ड्रायव्हर अशा सगळ्यांची पोटं त्याच एका रात्रीवर अवलंबून. बाळंतपणाची रजा हा शब्द तिथे नव्हताच.

फडाचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

तमाशाचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा आटोपल्या की संपतो. उत्पन्नाचे मार्ग मुख्यतः दोन.

- सुपारी: गाव किंवा जत्रा कमिटी ठरावीक रक्कम देते. गर्दी कमी-जास्त झाली तरी फडाला ठरलेला पैसा मिळतो.
- तिकिटाचा खेळ: फड स्वतःची कनात उभारतो आणि तिकिटं विकतो. गर्दी झाली तर फायदा, अवकाळी पाऊस आला तर सगळा तोटा मालकाचा.

खर्चाची बाजू मात्र बारा महिने चालू असते. हंगामाआधी कलाकारांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम द्यावी लागते. ती दिली नाही तर चांगला कलाकार दुसऱ्या फडात जातो. ही उचल द्यायला मालकाकडे रोकड नसते, कारण पावसाळाभर खेळच नसतात. मग सावकाराकडून किंवा ठेकेदाराकडून पैसा उचलायचा आणि हंगामातल्या कमाईतून व्याजासकट फेडायचा. हंगाम चांगला गेला तर बरोबरी होते. वाईट गेला तर कर्ज पुढच्या वर्षावर जातं.

यात सर्वात मोठा धोका मालकाचा. कलाकाराची उचल त्याच्या हातात आधीच पडलेली असते, सावकाराचं व्याज ठरलेलं असतं. उरलं तर मालकाला, कमी पडलं तरी मालकालाच. आणि मालकीणच मुख्य कलावती असेल तर तिच्या गळ्याची आणि पायांची कमाईही फडाच्या त्याच तिजोरीत जाते. घरचा पैसा आणि फडाचा पैसा वेगळा राहत नाही. म्हातारपणासाठी बाजूला काढायचं ते यातून कसं निघणार?

सन्मान वाढला, मग प्रेक्षक कुठे गेला?

विठाबाईंना राष्ट्रपतींचा दुसरा सन्मान मिळाला तो १९९० मध्ये. मधल्या ३३ वर्षांत तमाशाभोवतीचं जग बदललं होतं.

पहिला बदल सिनेमाचा. १९५९ चा सांगत्ये ऐका आणि १९७२ चा पिंजरा यांनी तमाशाची गोष्ट पडद्यावर नेली. लावणी घरोघरी पोचली, पण प्रेक्षक आता फडाकडेही सिनेमातल्या गाण्यांची मागणी करू लागला. त्यासाठी नवी वाद्यं, जास्त दिवे, ध्वनियंत्रणा, मोठा बोर्ड आणि जास्त माणसं लागली. म्हणजेच जास्त खर्च.

दुसरा बदल मुंबईचा. पावसाळ्यात फडांना आधार असायचा तो गिरणगावातल्या थिएटरांचा. लालबागचं हनुमान थिएटर त्यातलं नावाजलेलं. घाटावरून पोटासाठी मुंबईला गेलेला कामगार हा तिथला हक्काचा प्रेक्षक. त्यात जुन्नर-आंबेगावची माणसंही होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि हा प्रेक्षक विखुरला. त्यातच दूरदर्शन आणि व्हिडिओ गावागावात पोचले.

नाव आणि मानमरातब टिकून होता. पण नावावर सावकार व्याज माफ करत नाही आणि पदक पाहून डिझेल मिळत नाही.

शेवटचा काळ कसा गेला?

वय वाढलं, पाय थकले आणि पूर्वीसारखं बोर्डावर उभं राहणं शक्य राहिलं नाही. अंगमेहनतीच्या कलेत कलावती थांबली की उत्पन्नही थांबतं. निवृत्तिवेतन नाही, विमा नाही, रेकॉर्ड कंपनीकडून येणारी रॉयल्टी नाही. विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत आणि आजारपणात गेले. १५ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. दवाखान्याचं बिल दात्यांनी दिलेल्या मदतीतून भागवावं लागलं.

त्यांच्यानंतर काय बदललं?

- २००६ पासून राज्य सरकार तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार देतं. त्याची रक्कम बरीच वर्षं ५ लाख रुपये होती.
- कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर, हनुमान थिएटरचे मधुकर नेराळे यांना हा पुरस्कार मिळाला आहे. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला. त्यांनी आईचा वारसा स्वतःच्या फडातून पुढे नेला.
- वृद्ध कलावंतांना सरकारकडून मानधन मिळतं. २०२४ मध्ये ते सरसकट दरमहा ५ हजार रुपये करण्यात आलं.

मात्र फडाचा मूळ हिशोब फारसा बदललेला नाही. हंगाम तेवढाच, उचल तशीच आणि पाऊस आला तर तोटा आजही मालकाचाच. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे जत्राच झाल्या नाहीत, तेव्हा हे पुन्हा दिसलं. चैत्रातली कमाई बुडाली आणि आधीच दिलेली उचल अंगावर आली.

मग यातून काय समजायचं?

विठाबाईंनी गाणं, नाच, अभिनय, फड आणि घर हे सगळं चार दशकांहून अधिक काळ सांभाळलं. त्यात त्या कुठे कमी पडल्या असं म्हणता येत नाही. कमी पडली ती व्यवस्था. कलावतीचा सत्कार करायची सोय होती, पण ती आजारी पडली तर काय, याची नव्हती.

येत्या जत्रेत तुमच्या गावची कमिटी राहुटीत सुपारी ठरवायला जाईल, तेव्हा घासाघीस होईलच. ती व्हावीही. फक्त ठरलेली रक्कम खेळाच्या रात्रीच फडाच्या हातात पडते ना, एवढं पाहिलं तरी त्या ट्रकमधून आलेल्या माणसांचा पुढच्या गावापर्यंतचा प्रवास सोपा होतो.